पट्ट्यातील पाचवी गोळी
(महार मशीनगन रेजिमेंटच्या निमित्ताने)

युद्धाचा इतिहास आपल्याकडे सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. फार झाले तर पदके मिळवणाऱ्या वीरांच्या नावाने. तोफेला दारूगोळा कोणी पुरवला, मशीनगनला पाणी कोणी आणले, पट्टा कोणी धरला, याची नोंद करण्याची गरज इतिहासकाराला वाटत नाही. मी परळच्या एका रात्रशाळेत इतिहास शिकवला. तेथे माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांचे आजे-पणजे गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि पलटणीत होते. त्यांना शिकवताना मला एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा फार उपयोग झाला. ती वस्तू म्हणजे मशीनगनच्या पट्ट्यातील ट्रेसर गोळी. तिच्यावाटे आपल्या इतिहासाचा एक प्रश्न नीट मांडता येतो, म्हणून हा लेख.

ट्रेसर म्हणजे माग दाखवणारी गोळी. साध्या गोळीच्या पोटात शिसे किंवा पोलाद असते. ट्रेसरच्या मागच्या बाजूला छोटीशी पोकळी ठेवून तिच्यात जळणारे मिश्रण दाबून भरतात. त्यात मॅग्नेशियमची पूड असते, ते पेटत ठेवणारे द्रव्य असते आणि रंगासाठी क्षार असतात. स्ट्रॉन्शियमचा क्षार लाल उजेड देतो, बेरियमचा हिरवा. काडतूस उडाले की बंदुकीच्या दारूच्या ज्वाळेने हे मिश्रण पेट घेते आणि गोळी जळत जळत पुढे जाते. अंधारात तिची रेघ दिसते. मग चालवणाऱ्याला कळते की आपला मारा उजवीकडे जातो आहे, उंच जातो आहे की बरोबर पडतो आहे. पहिल्या महायुद्धात विमानावरून विमानावर गोळ्या झाडण्याची वेळ आली तेव्हा या गोळीची निकड वाढली. कारण आकाशात गोळी कोठे पडली ते सांगायला धूळही उडत नाही.

पण पट्ट्यात सगळ्याच गोळ्या ट्रेसर नसतात. साधारणतः तीन-चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर अशी भरणी असे. कामाप्रमाणे हे प्रमाण बदले. म्हणजे शत्रूला जी प्रकाशाची रेघ दिसते, तिच्या प्रत्येक ठिणगीमागे तीन-चार गोळ्या न दिसता येत असतात. शिवाय ट्रेसर जळत जाते तशी हलकी होते. त्यामुळे लांबच्या पल्ल्यावर तिची वाट आणि साध्या गोळीची वाट एक राहत नाही. ठरावीक अंतरानंतर ती विझते, आणि साध्या गोळ्या मात्र पुढे जातच राहतात. जी दिसते तिच्यावरून न दिसणाऱ्यांचा अंदाज करायचा, आणि तो अंदाजही पूर्ण खरा धरायचा नाही, हा मशीनगन चालवणाऱ्याचा पहिला धडा.

दुसऱ्या महायुद्धात या धड्याचा सर्वांत कठोर हिशोब जर्मन सैन्याने केला. त्यांच्या पायदळाची सारी रचना मशीनगनभोवती उभी होती. तुकडीतले बाकीचे शिपाई जणू त्या एका हत्याराचे भोई. १९३४ च्या नमुन्याची एमजी ३४ आणि नंतर १९४२ ची एमजी ४२ या त्या मशीनगन. एमजी ४२ मिनिटाला १२०० च्या घरात गोळ्या झाडी, म्हणजे सेकंदाला २०. पट्टा लोखंडी कड्यांचा, ५० गोळ्यांचा एक तुकडा. तुकड्याला तुकडा जोडून तो लांब करीत. खटका दाबून धरला तर ५० गोळ्यांचा तुकडा अडीच सेकंदांत संपे. दर पाच गोळ्यांत एक ट्रेसर धरली तरी सेकंदाला चार ठिणग्या! साध्या जड गोळीच्या काडतुसावर हिरवे कडे, पोलादी गाभ्याच्या गोळीवर लाल कडे, आणि त्याच जातीच्या ट्रेसरच्या टोकाला काळा रंग, अशी त्यांची खूण असे. अंधाऱ्या खंदकात पट्टा भरणाऱ्याला कोणती गोळी कोठे जाते हे कळले पाहिजे, नाहीतर सारा हिशोब चुकला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपटांत जर्मन मशीनगनमधून प्रकाशाच्या रेघांचा पाऊस पडताना दिसतो. प्रत्यक्षात विमानांवरील आणि विमानविरोधी मशीनगनसाठी त्यांनी ट्रेसर भरपूर वापरली, पण जमिनीवरच्या पायदळात तिचा वापर हात राखून केला. कारण साधे आहे. जी रेघ मला माझा मारा दाखवते, तीच रेघ उलट दिशेने वाचली की शत्रूला माझी जागा दाखवते. ट्रेसर दोन्ही बाजूंना बोलते. म्हणून पुढे रात्रीच्या वापरासाठी मंद, नुसती मिणमिणणारी ट्रेसरही त्यांनी काढली. मित्रराष्ट्रांच्या शिपायांच्या आठवणींत आणखी एक प्रकार येतो. एक मशीनगन मुद्दाम उंचावरून ट्रेसर सोडी. समोरच्यांना वाटे, मारा डोक्यावरून जातो आहे, आता वाकून पुढे सरकावे. आणि दुसरी मशीनगन ट्रेसरशिवाय कमरेच्या उंचीवर झाडत असे. उजेड पाहून जो निर्धास्त झाला तो अंधारातल्या गोळीने मेला.

मित्रराष्ट्रांनी याच उजेडाचा वेगळा उपयोग केला. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत रात्रीच्या वाळवंटात पुढे जाणाऱ्या पलटणींना वाट चुकू नये म्हणून बोफोर्स तोफांतून ठरलेल्या रेषेवर ट्रेसर सोडली जात होती. तेथे ट्रेसर मारण्यासाठी नव्हती, वाट दाखवण्यासाठी होती.

या जर्मन मशीनगनसमोर मराठी माणूस उभा राहिलेला आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, पुढे गोळ्या भरायलाही वेळ उरला नाही तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले, आणि दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना माऱ्यातून सुरक्षित जागी नेले आणि मशीनगनची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. हे गरीब शेतकऱ्यांचे मुलगे होते आणि त्यांचाही वापर साम्राज्याने केला.

परंतु प्रश्न असा की त्या रांगेत आमचा माणूस का नव्हता? मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत त्या काळी महारांना स्थान नव्हते. आणि ही पलटण ज्या जुन्या बॉम्बे आर्मीतून आली, त्या फौजेत एके काळी महार मोठ्या संख्येने होते! १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर ४९ नावे कोरली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. तो दगड कोणाला पुसता आला नाही. पण माणसे मात्र पुसली गेली. १८५७ नंतर ‘लढवय्या जाती’ची कल्पना रुजत गेली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या हातांनी कंपनी सरकारला राज्य मिळवून दिले ते हात एकाएकी लढण्यास नालायक ठरले. कारण दुसरे काही नव्हते. ज्या सवर्णांना भरती करायचे त्यांना महाराच्या शेजारी रांगेत उभे राहायचे नव्हते. सरकारने शिस्तीचे शास्त्र बाजूला ठेवून जातीचे शास्त्र स्वीकारले.

गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडली. काम पडले की महार लढवय्या, काम संपले की अस्पृश्य! १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते या पार्श्वभूमीवर.

बाबासाहेबांना या बंदीची किंमत घरातच ठाऊक होती. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी पलटणीत शिपायांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला अक्षर जेथे बिनशर्त मिळाले अशी ती फार थोड्या जागांपैकी एक. पलटण बंद झाली म्हणजे नुसता पगार बंद झाला नाही, शाळा बंद झाली, निवृत्तिवेतन बंद झाले, गावच्या पाटलासमोर ताठ उभे राहण्याची सवय बंद झाली. परळच्या बीआयटी चाळीत राहून आणि दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम करून बाबासाहेबांनी जी चळवळ उभी केली तिच्यात आणि १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहात निवृत्त शिपाई पुढे दिसतात ते उगाच नव्हे. समता सैनिक दलाची कवायत त्यांनीच शिकवली. पुढे दादरच्या ‘राजगृहा’त राहत असताना, जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला झाली आणि ती ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. युद्ध संपल्यावर १९४६ साली महार रेजिमेंट मोडली गेली नाही. तिची मशीनगन रेजिमेंट झाली. हा बदल माझ्या मते आपल्या विचारवंतांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. तिच्या हाती आलेली व्हिकर्स मशीनगन म्हणजे नुसता खटका दाबण्याचे हत्यार नव्हते. १८८४ च्या मॅक्झिम मशीनगनची ती सुधारलेली आवृत्ती. पहिल्या महायुद्धातली जर्मनांची मुख्य मशीनगनही त्याच घराण्यातली. नळीभोवती पाण्याचे आवरण, त्यात चार लिटरच्या आसपास पाणी. पाण्याची वाफ नळीने डब्यात घेऊन पुन्हा थंड करीत, कारण वाफ दिसली की जागा कळली. पट्टा कापडी, २५० गोळ्यांचा. मिनिटाला ४५० ते ५०० गोळ्या. मशीनगन आणि तिचे तिपाई वेगवेगळ्या माणसांच्या खांद्यावर. एक चालवणारा, दुसरा पट्टा धरणारा, बाकीचे पाणी, दारूगोळा आणि निरोप आणणारे.

याहून महत्त्वाचे म्हणजे या मशीनगनने न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करता येई. डोंगराच्या पलीकडे, नकाशावरून अंतर काढून, उताराचा कोन मोजून, कोष्टक पाहून. तेथे ट्रेसर कामाची नाही, कारण ती अर्ध्या वाटेत विझते. तेथे गणित लागते. नकाशा वाचावा लागतो. आपल्याच माणसांच्या डोक्यावरून मारा करताना कोनात चूक झाली तर आपलेच मरतात. ज्यांच्याबद्दल ‘लढवय्ये नाहीत’ असे शास्त्र सांगितले होते, त्यांच्या हाती लष्कराने पायदळातले सर्वांत हिशोबी हत्यार दिले, आणि त्यांनी ते चालवून दाखवले. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द आधी का ठेवला, याचा हा लष्करी पुरावा आहे.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर मशीनगन पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. लढाईच्या गोष्टी सांगा म्हटले की ते टाळत, पण पट्टा कसा भरतात ते मात्र आवडीने सांगत. गुल गेलेल्या चार काड्या आणि एक गुलाची काडी अशा रांगेत मांडीत आणि विचारीत, “पोरा, यातली मारणारी कुठली?” आम्ही गुलाच्या काडीवर बोट ठेवीत असू. ते हसत. “ती बघायची. मारणाऱ्या ह्या चार.” पुढे इतिहास शिकवताना मला या काड्या फार वेळा आठवल्या. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात गुलाच्या काड्याच तेवढ्या असतात.

मशीनगन पलटणीच्या वाट्याला हे अंधारातले जिणे आणखी एका कारणाने आले. अशी पलटण क्वचितच एकत्र लढते. तिच्या कंपन्या, प्लाटून वेगळ्या काढून निरनिराळ्या ब्रिगेडना, निरनिराळ्या रेजिमेंटना जोडतात. ठाणे दुसऱ्या रेजिमेंटचे, लढाईचे नाव तिचे, विजयस्तंभ तिचा, आणि कडेला व्हिकर्सवर बसलेले चार-सहा जण महार पलटणीचे. १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीरच्या युद्धात महार मशीनगनच्या तुकड्या अशा विभागून लढल्या. त्या युद्धात नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. पट्ट्यातली ही एक गोळी उजेडात आली. तिच्या मागच्या किती आल्या नाहीत, ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. १९६२ च्या चीन युद्धातही मशीनगनवाले असेच वाटले गेले होते.

रेजिमेंटच्या बिल्ल्याची कथाही हेच सांगते. सुरुवातीला बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. मशीनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभावर दोन व्हिकर्स एकमेकींना छेदून बसल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. मशीनगन मात्र राहिल्या. आज ही रेजिमेंट पायदळाची आहे, तिच्यात अनेक प्रांतांचे आणि जातींचे जवान आहेत, आणि ते योग्यच आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. पण जिच्या नावात जात आहे तिच्या बिल्ल्यावरून त्या जातीचा इतिहास सांगणारा दगड निघतो, हा योगायोग समजून सोडून देण्यासारखा नाही.

आणखी एक बाजू राहते. व्हिकर्सचा पट्टा सुती होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत आमची माणसे रिंग खात्यात सूत काढीत, पण विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार अर्थातच विणकाम खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे ठेवला तो यासाठीच. म्हणजे शत्रूसमोर विणलेला पट्टा महाराने धरला तर चालतो, मुंबईत कापड विणले तर विटाळ होतो! खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसे बनत, त्या कामावरही महार होते. काडतूस करणारा आमचा, पट्टा भरणारा आमचा, आणि लढवय्या जातींच्या यादीत नाव दुसऱ्याचे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही बंदुकीचे गोडवे गाता आहात. तसे नाही. मॅक्झिम मशीनगन युरोपच्या राष्ट्रांनी प्रथम मोठ्या प्रमाणात वापरली ती आफ्रिकेतल्या काळ्या माणसांवर. १८९८ मध्ये सुदानात ओम्दुर्मानला, १९०४ मध्ये तिबेटात. आपल्यासारख्याच दडपलेल्यांवर ती चालली हे आपण विसरता कामा नये. बंदूक समता आणीत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला जी वाट दाखवली ती बुद्धाची आहे. पण समतेच्या वाटेवर चालायचे तर आपण कोणत्या अंधारातून आलो आणि त्या अंधारात कोण कोण होते, हे माहीत हवे. पलटणीतून आम्हांला मिळाले ते अक्षर, निवृत्तिवेतन आणि ताठ मान. हा लाभ इतिहासात नोंदवणे म्हणजे युद्धाची पूजा नव्हे.

आणि ही नोंद करण्यासाठी आता फार वेळ उरलेला नाही. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या काही रहिवाशांना २०२५ साली नव्या इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगले घर मिळते आहे, त्याचा आनंदच आहे. परंतु १६० चौरस फुटांच्या खोलीतून बाहेर पडताना पोटमाळ्यावरची लोखंडी पेटी आधी भंगारात जाते. त्या पेटीत काय असते? डिस्चार्ज बुक, पेन्शनचे पुस्तक, पट्टीचा रंग उडालेले पदक, पलटणीच्या गटाचा एक फोटो, ज्यात पुढच्या रांगेत साहेब खुर्चीवर आणि मागे आपले लोक उभे. आमच्या हवालदारबाबांची पेटी अशीच गेली. त्यांच्या नातवंडांना तिच्यात रद्दी दिसली.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. १ जानेवारीला कोरेगावला जरूर जा. पण त्याआधी आपल्या चाळीतल्या, आपल्या भावकीतल्या घरी जा. डिस्चार्ज बुकाची प्रत काढा. त्यावर क्रमांक, पलटण, भरतीची तारीख, कोणते काम, कोठे नेमणूक हे सारे असते. फोटोच्या मागे नावे लिहून घ्या, कारण ती ओळखणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना हा गृहपाठ द्यावा. वाचनालये आणि बुद्धविहारे यांनी एक कपाट यासाठी ठेवावे. स्तंभावर २२ नावे आहेत. व्हिकर्सवर बसलेल्यांची नावे अजून कोठेच एकत्र नाहीत, आणि ती गोळा करण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.